शिवीचा दंड आणि परवान्याची वेसण

फेब्रुवारी २०२५मध्ये रणवीर अलाहाबादिया या यूट्यूबरने एका विनोदी कार्यक्रमात स्पर्धकाला आईवडिलांच्या शरीरसंबंधांवरून किळसवाणा प्रश्न विचारला आणि देशभर गदारोळ उठला. महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला, आसामातही नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटकेपासून संरक्षण दिलं, पण खरमरीत शब्दांत झापलंही, आणि पुढे अशा मजकुरासाठी सरकारने नियमावली आखावी अशी अपेक्षा व्यक्त केली. त्या दिवसांत मराठी चर्चांतून एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकू येत होता: ‘अहो, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेतसुद्धा रेडिओवर अश्लील बोललं की सरकार लाखो डॉलरचा दंड ठोकतं, मग आपल्याकडेच एवढी ओरड कशाला?’ सात महिन्यांनी अमेरिकेत जिमी किमेल या सूत्रसंचालकाचा कार्यक्रम सरकारी दटावणीनंतर बंद पडला, तेव्हा दुसऱ्या बाजूची मंडळी हळहळली: ‘ट्रम्प आले आणि तिथलं स्वातंत्र्य संपलं.’ दोघांनीही अमेरिकेला साक्षीला बोलावलं आणि दोघांनीही तिची साक्ष अर्धीच ऐकली. त्या दंडांनी नेमकं काय साधलं, हे पहिला विचारत नाही. किमेलवर उगारलेली काठी कधीपासून कोपऱ्यात ठेवलेली होती, हे दुसरा पाहत नाही. माझं म्हणणं असं आहे की ही दोन प्रकरणं एकाच अधिकारातून निघाली आहेत. प्रसारण स्वच्छ राहावं म्हणून परवान्याची दोरी सरकारच्या हाती दिली, की त्या दोरीने घाण थांबत नाही. बोलणाऱ्याच्या नाकात वेसण मात्र पडते.

ही दोरी कशी वळली गेली ते आधी पाहू. वर्तमानपत्र काढायला अमेरिकेत सरकारी परवाना लागत नाही, रेडिओ केंद्राला लागतो, कारण दोघे एकाच लहरीवर बोलू लागले तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. १९२७च्या रेडिओ कायद्याने हे परवाने ‘लोकहित, सोय किंवा गरज’ पाहून द्यायचे ठरवलं. त्याच कायद्याच्या एका कलमात पहिल्यांदा म्हटलं होतं की सरकारला सेन्सॉरशिपचा अधिकार नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हटलं होतं की रेडिओवर कुणीही अश्लील, असभ्य किंवा अभद्र भाषा उच्चारू नये. एका कलमात शेजारी शेजारी बसवलेली ही दोन वाक्यं तेव्हापासून एकमेकांशी भांडत आहेत. १९३४मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, स्थापन झालं आणि हे भांडण त्याच्याकडे वारशाने आलं. छापील पुस्तकात जे प्रौढांसाठी कायदेशीर आहे, तेच सकाळी ६ ते रात्री १० या वेळात रेडिओवर वा टीव्हीवर उच्चारलं तर दंडाला पात्र ठरतं, अशी आजची व्यवस्था आहे.

या अधिकाराच्या सुरुवातीच्या मोठ्या बळींपैकी एक कोण होता? लॉस एंजेलिसमधला रॉबर्ट शूलर नावाचा एक पाद्री. स्वतःच्या चर्चच्या रेडिओ केंद्रावरून तो शहरातल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या आणि राजकारण्यांच्या भ्रष्टाचारावर तुटून पडे. तो कॅथलिकांवर आणि ज्यूंवरही गरळ ओके, तेव्हा त्याला साधुसंत ठरवायचं कारण नाही. १९३१मध्ये त्याच्या केंद्राचा परवाना नूतनीकरणाला आला तेव्हा तो नाकारला गेला आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो नकार उचलून धरला. वर्तमानपत्राच्या संपादकाने हेच सगळं छापलं असतं तर त्याच्यावर बदनामीचा खटला भरावा लागला असता, पुरावे द्यावे लागले असते, प्रत्येक आरोप तपासला गेला असता. शूलरच्या बाबतीत खोटं काय, द्वेषमूलक काय आणि खरं काय हे निवडून काढण्याची गरजच पडली नाही. परवाना गेला आणि शिवीगाळ, द्वेष, भ्रष्टाचाराची प्रकरणं, सगळं एकाच झाकणाखाली बंद झालं.

आता समोरच्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं ऐकू. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय केंद्राने दुपारी २च्या सुमारास जॉर्ज कार्लिन या विनोदकाराचं शिव्यांवरचं एक स्वगत प्रसारित केलं. गाडीत मुलासोबत असलेल्या एका वडिलांनी ते ऐकलं आणि तक्रार केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने एफसीसीची बाजू घेतली. कारणं दोन दिली. प्रसारण माणसाच्या घरात, त्याच्या खासगी जागेत शिरतं. आणि ज्या मुलाला वाचताही येत नाही त्याच्याही कानावर ते पडतं. ही कारणं मला हलकी वाटत नाहीत. पुस्तक उघडावं लागतं, नाटकाचं तिकीट काढावं लागतं, रेडिओ मात्र शेजारच्या दुकानातही वाजत असतो. मुलांच्या कानावर काय पडावं याची काळजी करणाऱ्या आईबापाला ‘मग बंद करा ना रेडिओ’ असं सुनावणं हा उद्धटपणा आहे, उत्तर नव्हे.

शिवाय वेळ नेमून देण्यात काही गैर आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे शिमग्यात बोंब मारायची, शिव्या द्यायची मुभा होती आणि रंगपंचमी उलटली की तीच शिवी पुन्हा भांडणाचं कारण होत असे. समाजाने स्वतःच अभद्र बोलण्याला एक वेळ आणि एक जागा नेमून दिली होती. रात्री १० नंतरची अमेरिकन सवलत त्याच जातीची आहे. पण शिमग्याची मर्यादा गाव ठरवत असे आणि गाव पाळत असे. गावच्या पाटलाला ‘शिमगा संपला की नाही हे मी ठरवीन, आणि ज्याने माझ्या नावाने बोंब मारली त्याचं घर पाडीन’ असा अधिकार दिला असता तर? अमेरिकेत नेमकं हेच घडत गेलं.

२००४ साल घ्या. १ फेब्रुवारीला सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचं वक्षस्थळ क्षणभर, सेकंदाच्या नऊ-सोळांश भागापुरतं, उघडं पडलं. एफसीसीकडे पाच लाखांहून अधिक तक्रारी आल्या आणि सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला. हा दंड पुढे न्यायालयात टिकला नाही, पण ते कळायला अनेक वर्षं गेली. तोवर हवा पूर्ण पालटली होती. निवडणुकीचं वर्ष होतं, संसदेत सुनावण्या सुरू झाल्या आणि प्रसारण कंपन्यांची पाचावर धारण बसली. २५ फेब्रुवारीला क्लिअर चॅनेल या बलाढ्य रेडिओ कंपनीने हॉवर्ड स्टर्न या चावट सूत्रसंचालकाचा कार्यक्रम आपल्या सहा केंद्रांवर बेमुदत स्थगित केला. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या अधिकाऱ्याला संसदीय समितीपुढे उभं राहायचं होतं. एप्रिलमध्ये एफसीसीने स्टर्नच्या कार्यक्रमासाठी कंपनीला ४ लाख ९५ हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. ज्या प्रसारणासाठी तो होता, ते वर्षभरापूर्वीचं होतं.

स्टर्नबद्दल मला प्रेम नाही. बायकांना स्टुडिओत बोलावून त्यांच्या देहाचा बाजार मांडायचा आणि त्याला मोकळेपणा म्हणायचं, हा धंदा त्याने वर्षानुवर्षं केला. पण काळाचा क्रम पाहा. इराक युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष बुश यांची बाजू घेणारा स्टर्न नेमका त्याच फेब्रुवारीत बुश यांच्यावर उलटला होता. आपल्याला राजकारणामुळे हाकललं, असं तो ओरडत राहिला. क्लिअर चॅनेलच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. त्याच आठवड्यात कंपनीने फ्लोरिडातल्या आणखी एका चावट सूत्रसंचालकाला काढलं होतं, त्याचा राजकारणाशी संबंध नव्हता. त्याच्या कार्यक्रमासाठी कंपनीला जानेवारीतच ७ लाख ५५ हजारांचा दंड सांगितला गेला होता. मग खरं काय? ते कुणालाही सिद्ध करता येत नाही, आणि या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष मला तिथेच दिसतो. ‘असभ्य’ हा शब्द इतका सैल आहे की शिक्षा चावटपणासाठी झाली की बुशविरोधासाठी, हे वेगळं काढायला कोणतीच गाळणी नाही. बदनामीच्या खटल्यात नेमकं वाक्य दाखवावं लागतं. इथे नुसतं वातावरण पुरतं. दंडाची रक्कम भरण्यापेक्षा कंपनीला भीती असते ती परवान्याची, विलीनीकरणाच्या मंजुरीची, संसदेतल्या सुनावणीची. मग सरकारला तोंडही उघडावं लागत नाही. राजा बोले, दळ हाले अशी म्हण आहे, इथे तर राजाने नुसतं खाकरलं तरी दळ हलतं.

आणि बोलण्यातला चावट भाग कापून राजकीय भाग शाबूत ठेवता येईल, ही समजूत आपल्या मातीतल्या कुणी तरी करून घ्यावी याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्या तमाशाची बतावणी आठवा. सोंगाड्या ज्या दमात मावशीशी द्वयर्थी बोलतो त्याच दमात सरपंचाची, आमदाराची, फौजदाराची साल काढतो. लोक चावट बोलण्याला हसायला येतात आणि हसता हसता सत्तेची खिल्ली ऐकून जातात. दोन्ही एकाच तोंडातून, एकाच लयीत येतं. एकावर झाकण घातलं की दुसरंही कोंडतं, आणि सत्तेवर बसलेल्याला हे सेन्सॉरपेक्षा आधी कळतं.

किमेलच्या बाबतीत तर अश्लीलतेचा बुरखाही नव्हता. १७ सप्टेंबर २०२५ रोजी एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी किमेलच्या एका राजकीय शेऱ्यावरून एका पॉडकास्टवर सांगितलं की हे सोप्या मार्गानेही होऊ शकतं किंवा अवघड मार्गाने, आणि परवानाधारकांच्या लोकहिताच्या जबाबदारीची आठवण करून दिली. काही तासांत नेक्सस्टार या केंद्रसाखळीने तो कार्यक्रम दाखवायला नकार दिला. याच नेक्सस्टारला टेग्ना ही कंपनी ६.२ अब्ज डॉलरला विकत घेण्यासाठी एफसीसीची मंजुरी हवी होती. हा कार्यक्रम करणाऱ्या एबीसी वाहिनीने त्याच दिवशी तो स्थगित केला. आठवडा व्हायच्या आत, २३ सप्टेंबरला, किमेल परतला, कारण प्रेक्षक आणि कलाकार चवताळले आणि रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनीसुद्धा ही गुंडांची भाषा असल्याचं म्हटलं. एफसीसीवर पाच सदस्यांची तरतूद आहे, एका पक्षाचे तीनहून अधिक नसावेत असा नियम आहे, नेमणुकीला सिनेटची संमती लागते. आपल्याकडे स्वप्नातही नसलेली ही तटबंदी. तरीही एक अध्यक्ष एका पॉडकास्टवरून एवढं करू शकला. आणि हे ट्रम्प यांच्यापासून सुरू झालं असं समजणाऱ्यांनी १९७२ आठवावं. वॉटरगेटच्या बातम्यांनी चिडलेले निक्सन, वॉशिंग्टन पोस्टला आपल्या टीव्ही केंद्रांचे परवाने टिकवताना घाम फुटेल, असं खासगीत म्हणाले होते. ते ध्वनिमुद्रित आहे. पुढच्याच जानेवारीत फ्लोरिडातल्या त्या केंद्रांच्या परवान्यांना आव्हानं दाखल झाली आणि आव्हान देणाऱ्यांत निक्सन यांच्या गोटातली माणसं होती.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. शब्दांनी माणसं मरतात. १९९४मध्ये रवांडात आरटीएलएम नावाच्या रेडिओ केंद्राने तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणत कत्तलीला चिथावणी दिली आणि सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. असं असताना रेडिओवर कुणी काहीही बोलावं म्हणणं कसं परवडेल? परवडणार नाहीच. पण हे केंद्र कुणाचं होतं ते पाहा. ते सत्तेच्या वर्तुळातल्या माणसांनी चालवलेलं होतं. ज्या सरकारने ते रोखायचं, त्याच सरकारची ती जीभ होती. कुंपणच शेत खात असेल तर आणखी उंच कुंपण बांधून काय उपयोग? त्या केंद्राच्या प्रवर्तकांना शिक्षा झाली ती २००३मध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात, नेमके शब्द आणि नेमके परिणाम पुराव्याने जोडून.

अश्लीलतेच्या कायद्याला हा द्वेष दिसतच नाही. अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत २०१२मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. अ‍ॅलेक्स जोन्स हा रेडिओवाला वर्षानुवर्षं सांगत राहिला की हे सगळं नाटक होतं. मुलं गमावलेल्या आईबापांना त्याच्या श्रोत्यांनी छळलं. या खोट्यात एकही शिवी लागत नाही. एफसीसीच्या सभ्यतेच्या मोजपट्टीवर ते स्वच्छ ठरलं असतं. जोन्सला गाठलं ते त्या आईबापांनीच, बदनामीचा दावा लावून, आणि २०२२मध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. आपल्याकडे पाहा. २०२०च्या टाळेबंदीत तबलिगींवरून वाहिन्यांवर दिवसरात्र जे चाललं, त्यातही कुणी अश्लील शब्द उच्चारला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या ऑगस्टमध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांतून मोठा अपप्रचार झाल्याचं नोंदवलं. एखाद्या यूट्यूबरच्या गलिच्छ प्रश्नासाठी सगळी यंत्रणा धावते आणि एका समाजावर आळ घेणाऱ्या कोट-टायवाल्याला मात्र ‘भाषा सभ्य’ म्हणून अभय मिळतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढाच फरक की इथे संन्यासीही फारसा सोवळा नाही.

बाजार आपोआप सगळं सुधारतो असंही मी म्हणत नाही. २००७मध्ये डॉन आयमस या रेडिओवाल्याने रटगर्स विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला वर्णद्वेषी शिवी दिली. जाहिरातदार पळाले आणि आठवडाभरात त्याची नोकरी गेली. पण वर्ष सरायच्या आत तो दुसऱ्या केंद्रावर परतला. घाणीला गिऱ्हाईक असतं, हे कटू आहे आणि खरं आहे. मात्र सरकारी दंडाने गिऱ्हाईक कमी होत नाही. स्टर्न २००६च्या जानेवारीत उपग्रह रेडिओवर गेला, जिथे एफसीसीचा सभ्यतेचा नियम लागूच नव्हता, आणि तेही पाच वर्षांच्या ५० कोटी डॉलरच्या करारावर.

हा धडा आपल्याला तर एका मराठी मंत्र्यानेच देऊन ठेवला आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम. हिंदी चित्रपटगीतं त्यांना हलकी, उथळ वाटत आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सुधारले का? त्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोहोचला, आणि १९५७मध्ये सरकारला विविध भारती सुरू करून तीच गाणी परत आणावी लागली. केसकरांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. म्हणूनच त्यांचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. चांगल्या माणसाच्या हातीही ही दोरी फसली.

‘भावना दुखावल्या’च्या मोजदादीबद्दलही बोलायला हवं. २००४मध्ये फॉक्स वाहिनीच्या एका कार्यक्रमाला एफसीसीने सुमारे १२ लाख डॉलरचा दंड सांगितला, १५९ तक्रारी आल्याचं सांगून. एका पत्रकाराने माहितीच्या अधिकारात कागद मागवले तेव्हा निघाल्या ९० तक्रारी, २३ जणांच्या, आणि त्याही बहुतेक एकाच छापाच्या. आपल्याकडे १९३४मध्ये र. धों. कर्व्यांनाही अश्लीलतेच्या आरोपावरून कोर्टात खेचलं गेलं. वाचकांनी लैंगिक अडचणींबद्दल विचारलेल्या प्रश्नांना आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून सरळ उत्तरं दिली, हा त्यांचा गुन्हा. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि तरीही कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला. कर्व्यांची तुलना स्टर्नशी करणं मला मान्य नाही, एक समाजाचा वैद्य होता आणि दुसरा करमणुकीचा दुकानदार. पण ‘अश्लील’ या शब्दाला ही तफावत कळत नाही, तो दोघांवर सारख्याच सहजतेने बसतो.

आता आपल्या खासगी एफएमकडे या. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. २००१पासून खासगी केंद्रं सुरू झाली. आज मुंबई-पुण्यात सकाळी गाडीत बसलं की द्वयर्थी कोट्या, कुणाला तरी फोनवरून फसवणं, बायकोवरचे विनोद हे सगळं ऐकू येतं. ऐकू येत नाही ती बातमी, कारण खासगी एफएमला आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावण्यापलीकडे बातम्या द्यायला परवानगीच नाही. पाणी का आलं नाही यावर नगरसेवकाला जाब विचारणारा स्थानिक बातमीचा कार्यक्रम त्या परवान्यात बसत नाही. परवान्याने चावटपणा रोखला नाही, राजकारण रोखलं. या एका वस्तुस्थितीनंतर, सरकारी नियंत्रणाने प्रसारण सभ्य होईल असं म्हणणाऱ्याने आधी आपल्या गाडीतला रेडिओ लावून पाहावा.

मुलांसाठी वेळेची मर्यादा असू द्या, प्रौढांच्या कार्यक्रमावर ठळक सूचना असू द्या, बदनामीचे दिवाणी दावे दशकभर न रखडता वर्षभरात निकाली निघू द्या, हिंसेला चिथावणी देणाऱ्यावर न्यायालयात खटला चालू द्या. यातल्या कशालाही मंत्रालयाच्या मर्जीची गरज नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा मांडला होता, त्याची सुधारित आवृत्ती २०२४च्या ऑगस्टमध्ये मागे घेतली गेली. अलाहाबादिया प्रकरणानंतर नवी नियमावली येणार अशी चर्चा आहे. ती येईल तेव्हा ‘असभ्य’ची व्याख्या शोधण्याआधी मी नेमणुकांचं कलम उघडणार आहे. २०२३च्या मसुद्यात तक्रारी ऐकणाऱ्या सल्लागार परिषदेवर पाच सरकारी अधिकारी होते. पाच नामवंत व्यक्ती होत्या, त्यांना नेमणारं केंद्र सरकारच होतं. आणि या परिषदेने करायची होती ती फक्त शिफारस, शेवटचा आदेश पुन्हा केंद्र सरकारचाच.